क्लिप-ऑन विंडशील्ड स्पॉयलर: डोकं हलायचं थांबतं का?

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. बाइकच्या पुढच्या काचेवर लावायचा हा स्पॉयलर घ्या, पण काचेला चिकटवून, फट न ठेवता लावणार असाल तर नका घेऊ, पैसे वाया. आता ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा, जरा लांबण लागणारे कारण या विषयात "मोठी काच लाव, झालं" एवढाच सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे.

वस्तू काय आहे ते सांगतो. पारदर्शक पॉलीकार्बोनेटची छोटी पट्टी, रुंदीला कंपनीच्या मूळ काचेपेक्षा थोडी कमी, मागे दोन हात, त्या हातांना मधे सांधे, आणि खाली दोन क्लॅम्प जे काचेच्या वरच्या कडेला पकडतात. सांध्यांमुळे पट्टी वर-खाली होते, पुढे-मागे होते आणि तिरकीही करता येते. एमआरए, गिवी, पुइग वगैरे मंडळी असे प्रकार बनवतात, माझा कुठला ते महत्त्वाचं नाही, कारण सगळ्यांचं तत्त्व एकच. बाइक अर्ध्या फेअरिंगची (फेअरिंग म्हणजे पुढचं वारा अडवणारं आवरण) टूरिंगवाली, काच मध्यम उंचीची, मागे टॉप बॉक्स आणि बऱ्याचदा पिलियन, म्हणजे मागे बसणारी व्यक्ती.

आधी एक गोष्ट क्लिअर करू कारण इथेच लोकांची गल्लत होते. छातीवर सलग दाबणारा वारा वेगळा आणि बफेटिंग वेगळं. सलग वाऱ्याला शरीर सरावतं, हात थोडे दुखतात पण तो वारा प्रामाणिक असतो, जेवढा आहे तेवढाच आणि एकाच दिशेने. बफेटिंग म्हणजे कुणीतरी हेल्मेटला दोन्ही बाजूंनी भराभर टपल्या मारतंय असं वाटणं, मीटरवरचे आकडे पुसट होतात, आरशातली गाडी नक्की किती लांब आहे ते कळत नाही, आणि संध्याकाळी बाइकवरून उतरल्यावर मान जखडलेली असते. काच नसलेल्या बाइकवर वारा भरपूर लागतो पण डोकं एवढं हलत नाही, हे ज्यांनी दोन्ही चालवलंय त्यांना माहितीये. म्हणजे डोकं हलवायचं काम बऱ्याचदा काचच करते.

कसं ते बघा. वारा काचेवरून चढतो आणि वरच्या कडेला येऊन सुटतो. काचेच्या मागे हवेचा दाब कमी असतो, ती पोकळी भरायला वरून, बाजूने, अगदी रायडरच्या पाठीमागूनसुद्धा हवा आत वळते. वरचा वेगवान वारा आणि आतली संथ हवा जिथे घासतात तिथे भोवरे तयार होतात आणि एकामागून एक सुटत राहतात. बोथट वस्तूच्या मागे भोवरे किती वेळा सुटतात याचा एक ढोबळ हिशोब आहे, वेगाला रुंदीने भागायचं आणि ०.२ ने गुणायचं. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला साधारण २८ मीटर, काच ४० सेंटीमीटर रुंद धरली तर सेकंदाला १४ भोवरे. काच म्हणजे काही गोल खांब नाही त्यामुळे आकडा तंतोतंत धरू नका, पण सेकंदाला दहा-पंधरा टपल्या हेल्मेटला बसल्यावर डोळ्यांचं काय होत असेल याचा अंदाज येतो. त्यात वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १२० ला गेलात की जोर सव्वादोन पट. म्हणून ८० ला "काही त्रास नाही" म्हणणारा माणूस १२० ला वैतागतो.

तर प्रश्न एवढाच असतो की ही भोवऱ्यांची पट्टी तुमच्या हेल्मेटच्या वरून जाते, खालून जाते की बरोब्बर हेल्मेटवर आदळते. आणि हे विकत घ्यायच्या आधी फुकटात तपासता येतं. मोकळा रस्ता, पुढे ट्रक-बस नको कारण त्यांच्या मागची हवा आधीच ढवळलेली असते आणि सगळी टेस्ट बिघडते, वारा पडलेला हवा, सरळ पट्टा हवा. नेहमीच्या वेगाला जरा ताठ व्हा, मग फूटपेगवर किंचित उठा, मग खाली वाका. उठल्यावर आवाज एकदम स्वच्छ सूंऽ असा झाला आणि डोकं स्थिर झालं तर तुम्ही भोवऱ्यांच्या वर गेलात, म्हणजे तुमच्यासाठी कदाचित छोटी काच जास्त बरी, ऐकायला विचित्र वाटतं पण आहे तसं. वाकल्यावर शांत झालं तर भोवरे वर न्यायला हवेत, म्हणजे स्पॉयलर किंवा उंच काच. आणि दोन्हीकडे फरक पडत नसेल तर वारा वरून येतच नाहीये, खालून येतोय, त्याचं पुढे सांगतो. डावा हात सपाट करून काचेच्या कडेवरून हळूहळू वर नेला तर वाऱ्याची धार नेमकी कुठे आहे तेही हाताला कळतं. मला तीन-चार इंच वाकल्यावर शांतता मिळत होती, म्हणून स्पॉयलर मागवला. हीच टेस्ट न करता उंच काच घेणारे आणि मग ती विकायला काढणारे ढीगभर लोक आहेत.

उंच काच का नाही घेतली? कारण मला काचेतून बघायचं नाहीये, काचेवरून बघायचंय. कड साधारण नाकाच्या पातळीला असली की नजर वरून जाते आणि वारा उसळून हेल्मेटच्या वरून निघतो. कड डोळ्यासमोर आली की पाऊस, चिखल, किडे आणि रात्री समोरच्या हेडलाइटचा पसारा हे सगळं तुमच्या आणि रस्त्याच्या मधे येतं. शिवाय काच जेवढी मोठी तेवढी मागची पोकळी मोठी, आणि ती पोकळी पाठीवर मागून ढकलते, लांबच्या राइडला ते ढकलणं कंबरेला जाणवतं. यात उंचीपेक्षा कंबरेपासून डोक्यापर्यंतची लांबी महत्त्वाची असते हेही लक्षात घ्या, दोन सारख्या उंचीच्या माणसांना एकाच बाइकवर वेगवेगळा अनुभव येतो तो यामुळे, त्यामुळे मित्राला जी काच सूट झाली ती तुम्हाला होईलच असं नाही.

बसवणं सोपं आहे, ॲलन की आणि अर्धा तास. क्लॅम्पच्या जबड्यांना आतून रबर आहे, ते रबर आणि काच दोन्ही आधी साबणाच्या पाण्याने पुसून घ्या नाहीतर मधे अडकलेली बारीक वाळू काचेवर कायमची नक्षी काढते. स्क्रू हाताने घट्ट होतील तेवढेच आवळा, जोर लावला तर क्लॅम्पखाली काचेला बारीक तडे जातात. आणि एक गोष्ट जी माहितीपत्रकात ठळक असायला हवी होती पण नाहीये: स्क्रू ढिले पडू नयेत म्हणून थ्रेडलॉकर लावायची सवय असेल तर इथे ती बाजूला ठेवा. ते द्रव पॉलीकार्बोनेट आणि ॲक्रिलिकला लागलं की प्लास्टिक आतून चिरतं, आज दिसत नाही, काही दिवसांनी स्क्रूच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटतात. नायलॉन लावलेला लॉकनट वापरा किंवा रबरी वॉशर टाका. अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे आणि पेट्रोल, दोन्हीपासून ही पट्टी लांबच ठेवायची, साबण-पाणी आणि मायक्रोफायबर बस झालं.

आता मुख्य भाग, फट. माहितीपत्रकातल्या फोटोत स्पॉयलर काचेला जवळजवळ टेकलेला दाखवलाय, दिसायलाही तसाच छान दिसतो, काचेचाच भाग वाटतो. तसा लावला की तो फक्त उंच काच होतो. भोवरे वर सरकतात पण भोवरे तेच, उलट माझ्या बाबतीत टपल्या कपाळाच्या पातळीवरून हेल्मेटच्या टोकाला गेल्या आणि आवाज वाढला. मग पट्टी वर करून काचेपासून बोटभर फट ठेवली आणि चित्रच बदललं. फटीतून जाणारा वारा काचेच्या मागच्या पोकळीत शिरतो, दाबातला फरक कमी होतो, वरचा वेगवान थर आणि आतली मेलेली हवा यांच्यात मधला एक थर तयार होतो आणि घासाघाशी मवाळ होते. मोठ्या टूरिंग बाइकवाल्यांनी हे कधीच ओळखलंय, जुन्या होंडा गोल्डविंगच्या काचेत मधोमध उघडता येणारा व्हेंट होता, हार्लेने २०१४ च्या मॉडेलांपासून बॅटविंग नावाच्या फेअरिंगला वारा आत घेणारं झाकण दिलं ते याचसाठी, आणि मॅडस्टॅड या कंपनीचे ब्रॅकेट काच पुढे घेऊन खालून फट सोडतात ते पण याचसाठी. अंदाजाने सुटणारा विषय नाही हा, बीएमडब्ल्यूने १९७६ ची आर १०० आरएस काढली तेव्हा तिच्या फेअरिंगसाठी पिनिनफरिना या इटलीतल्या गाड्या डिझाइन करणाऱ्या कंपनीचं विंड टनेल, म्हणजे वारा सोडून चाचणी घ्यायचा बोगदा, वापरलं होतं. आपल्याकडे टनेल नाही, पण लोकरीचे धागे आहेत.

धाग्यांची गंमत करून बघाच. बोटभर लांबीचे लोकरीचे तुकडे काचेच्या वरच्या कडेला, स्पॉयलरच्या दोन्ही बाजूंना आणि हेल्मेटच्या हनुवटीला टेपने चिकटवायचे. मागून दुसऱ्या बाइकवरून कुणी व्हिडिओ घेतला तर उत्तम, नाहीतर स्वतः नजर टाकली तरी कळतं, अर्थात रस्ता मोकळा असताना आणि क्षणभरच. फट नसताना स्पॉयलरच्या मागचे धागे चक्क उलटे पुढे वळून गोल फिरत होते, म्हणजे मागची हवा पुढे ओढली जातेय याचा डोळ्यांदेखत पुरावा. बोटभर फट ठेवल्यावर तेच धागे मागच्या दिशेने आडवे झाले, टोकं थरथरत होती पण दिशा धरून होते. फट अजून वाढवली, तीन-चार बोटं, तर पुन्हा बिनसलं, वारा फटीतून थेट गळ्यावर येऊन आदळायला लागला आणि जॅकेटची कॉलर फडफडायला लागली. म्हणजे थोडीशी जास्तही चालत नाही आणि कमीही नाही, एका वेळी एकच गोष्ट बदला, आधी फट, मग कोन, मग उंची, आणि प्रत्येक वेळी सांध्यावर मार्करने खूण करा. खुणा केल्या नाहीत तर चांगली सेटिंग सापडून हरवते आणि मग स्वतःलाच शिव्या घालत बसायचं. कोनाचं म्हणाल तर मूळ काचेपेक्षा किंचित जास्त उभा कोन मला सूट झाला, फार उभा केला की हँडलला कंप येतो.

फरक किती? ९० पर्यंत आता डोकं स्थिर, मीटर स्वच्छ वाचता येतो. १०० ते ११० ला हलकी थरथर आहे पण टपल्या नाहीत. १२० च्या वर पुन्हा जाणवतं, आणि समोरून वारा असेल तर त्याच्या आधीच, कारण बाइक १०० ला आणि समोरून २० चा वारा म्हणजे काचेच्या हिशोबाने तुम्ही १२० लाच आहात. आडव्या वाऱ्यात स्पॉयलरचा उपयोग जवळपास शून्य, एका बाजूने वारा आला की भोवरे तिरके येतात आणि कुठलीच सेटिंग चालत नाही. मानेचा त्रास मात्र खरंच गेला, माझ्यासाठी तेवढ्यावरच पैसे वसूल.

आवाजाबद्दल मात्र जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. "शांत राइड" वगैरे छापलंय खोक्यावर. घरघर कमी झाली, सूंऽ तसाच. हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत आवाज सहज ९५ डेसिबलच्या वर जातो, आणि अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९४ ला एकच तास आणि ९७ ला अर्धा. स्पॉयलरने तीन-चार डेसिबल कमी झाले असतील असं धरलं तरी दिवसभराच्या राइडला कानांचं भागत नाही. इअरप्लग लागणारच, आणि ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक औषध आहे, हे स्पॉयलर विकणारा कशाला सांगेल.

पिलियनचा विषय कुणी काढत नाही म्हणून मुद्दाम काढतो. माझ्या डोक्यावरून गेलेले भोवरे कुठेतरी उतरतातच ना. पहिल्या सेटिंगला मी खूश आणि मागून खांद्यावर थाप, "अहो, तुमचं छान झालंय, इथे माझं डोकं खुळखुळतंय!" बायकोची सीट माझ्यापेक्षा उंच, त्यामुळे माझ्यावरून सटकलेला वारा थेट तिच्या हेल्मेटवर. पट्टी थोडी खाली घेतली आणि कोन मागे झुकवला तेव्हा दोघांचं जमलं, माझं थोडं बिघडलं, तिचं बरंच सुधारलं. नेहमी दोघं जात असाल तर सेटिंग दोघांनी बसूनच करा, एकट्याने केलेली सेटिंग दोघांना चालत नाही. सांधेवाला स्पॉयलर घ्यायचा तो यासाठीच, एकटे असताना एक खूण, दोघं असताना दुसरी.

आता खालच्या वाऱ्याचं. बऱ्याच बाइकवर अर्धा त्रास फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) आणि टाकीच्या मधल्या मोकळ्या जागेतून वर येणाऱ्या वाऱ्याचा असतो, तो टाकीवरून चढून छातीवर आणि तिथून हनुवटीखाली घुसतो आणि हेल्मेट वर उचलतो. वरच्या टेस्टमध्ये उठून-वाकून काही फरक पडला नसेल तर संशय इथेच घ्या. टाकीवर टँक बॅग ठेवून बघा, फरक पडला तर समजा चोर सापडला. मग फोर्कला लागणारे छोटे डिफ्लेक्टर, म्हणजे वारा वळवणाऱ्या पट्ट्या, घ्या किंवा आधी पातळ फोमचा तुकडा तात्पुरता लावून खात्री करा, फक्त हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळतंय ना आणि रेडिएटरची हवा अडत नाहीये ना हे उभ्या बाइकवर नीट बघून मगच निघा. माझ्या बाइकवर स्पॉयलर आणि फोर्क डिफ्लेक्टर दोन्ही मिळून जो परिणाम आला तो एकट्या स्पॉयलरने आला नसता, म्हणून रिव्ह्यूत हे लपवणं बरोबर नाही.

हेल्मेटही तपासा. पुढे छज्जा असलेला ॲडव्हेंचर हेल्मेट असेल तर आधी छज्जा काढून एक चक्कर मारा, अर्धे पैसे वाचतील. ढिला पडलेला हेल्मेट आतल्या आत हलतो आणि दोष काचेला जातो. हनुवटीखालचा कापडी पडदा लावला की खालून घुसणारा वारा कमी होतो.

तक्रारी आहेत. पहिली, सांधे. थंडीत घट्ट असतात आणि कडक उन्हात ढिले पडतात, भर वेगात पट्टी हळूच मागे झोपते आणि तुम्हाला वाटतं वारा वाढलाय. दर थोड्या दिवसांनी आवळावे लागतात. दुसरी, रात्रीचा प्रकाश. पट्टीची कड पॉलिश केलेली नाहीये त्यामुळे समोरून हेडलाइट आला की कडेला एक पांढरी रेघ पेटते, नेमकी नजरेच्या खालच्या टोकाला, मी शेवटी कडेला काळी टेप लावली. तिसरी, खराब रस्त्यावर हातांची खडखड, क्लॅम्पमधलं रबर पातळ आहे, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आत घातल्यावर थांबली. चौथी विक्रेत्याची, एका स्क्रूची टोपी खोक्यात नव्हती, दोनदा लिहिलं, उत्तर नाही. आपली आपण दुसरी बसवली.

आणि एक ताकीद, ही गंमत म्हणून घेऊ नका. काच थेट हँडलला बसवलेली असेल, फेअरिंगला नाही, तर त्यावर स्पॉयलर लावणं म्हणजे वाऱ्याला हँडल पकडायला जागा देणं. जास्त वेगाला हँडल डुलायला लागू शकतं. भरलेला टॉप बॉक्स आणि पॅनियर, म्हणजे मागच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या, असतील तर मागचं वजन आणि पुढची वाढलेली काच मिळून बाइक वेगात सापासारखी डुलण्याची शक्यता वाढते, तसं झालं तर हँडल घट्ट धरून झगडायचं नाही, थ्रॉटल हळू सोडायचा. नवीन सेटिंगनंतर वेग टप्प्याटप्प्याने वाढवा, पहिल्याच दिवशी १२० कशाला. कंपनीने स्पॉयलरसाठी कमाल वेग लिहिला असेल तर तो पाळा.

कुणी घ्यावा? वाकल्यावर ज्यांना शांतता मिळते, काच फेअरिंगला आहे आणि सेटिंगवर दोन-तीन सुट्ट्या घालवायची तयारी आहे त्यांनी. उठल्यावर ज्यांना शांतता मिळते त्यांनी छोटी काच शोधावी, स्पॉयलर त्यांचं काम अजून बिघडवेल. मी पाचपैकी साडेतीन देईन, सांधे आणि कडेची पॉलिश सुधारली तर चार. फोर्क डिफ्लेक्टरचा वेगळा रिव्ह्यू लिहीन, पावसात त्यांच्यामुळे बूट कोरडे राहतात की नाही ते अजून बघायचंय.